नेऱ्यात वन आरके भाड्याने घेताना

पनवेल परिसरात भाड्याचं घर शोधणाऱ्या वाचकांचे प्रश्न साधारण एकाच साच्याचे असतात. अकरा महिन्यांचा करार नोंदवावाच लागतो का? डिपॉझिट दोन महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, असा कायदा झालाय ना? मालकाने महिनाभरात जा म्हटलं तर जावं लागेल का? आणि हल्ली त्यात एक नवा प्रश्न आला आहे : विमानतळ सुरू झाला, अटल सेतू झाला, मग नेऱ्यात अजून इतकं स्वस्त कसं मिळतंय?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी घेऊ, कारण घर घ्यायचं की नाही हे त्यावरच ठरतं. नेऱ्यातली स्वस्ताई फसवी नाही, पण ती फुकटचीही नाही. भाड्यात जे वाचतं त्याचा काही भाग रिक्षात, काही टँकरमध्ये आणि काही वेळात जातो. हा हिशेब तुमच्या बाजूने लागत असेल तर एकट्या माणसाला किंवा नव्या जोडप्याला इथलं वन आरके चांगलंच आहे. जाहिरातीत त्याला ‘स्टुडिओ अपार्टमेंट’ म्हणतात. दोन्ही एकच समजू नका. वन आरकेत स्वयंपाकघराला वेगळी भिंत असते, स्टुडिओत ओटा त्याच खोलीत असतो. फोडणीचा वास गादीपर्यंत जाणार का, हे त्या एका भिंतीवर ठरतं.

‘वेल कनेक्टेड’ म्हणजे नक्की काय?

जाहिरातीतला नकाशा खरा असतो, फक्त तो विमानातून पाहिलेला असतो. पनवेल स्टेशनातून हार्बरने सीएसएमटी आणि ट्रान्स-हार्बरने ठाणे गाठता येतं, लांब पल्ल्याच्या गाड्याही थांबतात. अटल सेतूचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झालं. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला तिथून प्रवासी उड्डाणं सुरू झाली. हे सगळं पनवेलचं. नेरे मात्र रेल्वेच्या पलीकडे, नवीन पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, स्टेशनपासून सहा-सात किलोमीटर आत आहे. विमानतळ शहराच्या दुसऱ्या अंगाला आहे. नवी मुंबईची मेट्रोही बेलापूर ते पेंधर धावते, नेऱ्याकडे येत नाही.

म्हणून लोकलचं वेळापत्रक नंतर बघा. आधी हे बघा :

- स्टेशनबाहेरून नेऱ्याकडे जाणारी शेअर रिक्षा किंवा इको सकाळी किती वाजता भरते आणि रात्री शेवटची कधी सुटते. सीएसएमटीहून पनवेलची शेवटची लोकल मध्यरात्रीच्या आसपास सुटते. ती पनवेलला पोहोचते तेव्हा शेअरवाले घरी झोपलेले असतात आणि ‘स्पेशल’चं भाडं रिक्षावाला ठरवतो.
- बस थांबा इमारतीपासून किती चालत आहे आणि त्या वाटेवर दिवे आहेत का. एसटी आणि शहर बसची वेळ फलकावरून नाही, थांब्यावरच्या दुकानदाराकडून विचारा.
- पावसाळ्यातले शनिवार-रविवार. गाढेश्वर, धोदाणी, मालडुंगे इकडे सहलीला जाणाऱ्या गाड्या याच रस्त्याने जातात. त्यात रविवारी हार्बरवर मेगाब्लॉक असला तर आठवड्याची सुट्टी घरातच घालवलेली बरी.

तुमच्याकडे दुचाकी असेल तर यातले निम्मे प्रश्न मिटतात. मग प्रश्न उरतो तो पार्किंगचा. स्टेशनजवळच्या पे-अँड-पार्कचा महिन्याचा पास आणि इमारतीतली जागा, दोन्ही धरून भाडं मोजा.

हद्द कोणाची, हे आधी समजून घ्या

पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झाली, पण नेरे तिच्यात नाही. इथे ग्रामपंचायत आहे. दिवाबत्ती, कचरा, गावातलं पाणी याच्या तक्रारी तिकडे न्यायच्या. बांधकाम परवानगी मात्र सिडको देते, कारण २०१३ पासून हा पट्टा ‘नैना’त, म्हणजे विमानतळ प्रभाव अधिसूचित क्षेत्रात आहे. पोलीस नवी मुंबई आयुक्तालयाचे, ठाणं पनवेल तालुका पोलीस ठाणं. वीज महावितरणची, तक्रारीसाठी १९१२.

भाडेकरूला याच्याशी काय करायचं, असं वाटेल. करायचं आहे. नैनाच्या हद्दीत परवानगी न घेता उभ्या राहिलेल्या इमारती कमी नाहीत आणि सिडको त्यांच्यावर हातोडा चालवते. तोडकामाची नोटीस मालकाच्या नावाने निघते. भाडेकरूला ती कळते ती बहुधा जेसीबी आल्यावर. म्हणून इमारत गावठाणातली आहे की नवी, हे पहिल्याच भेटीत विचारा आणि कागद मागा.

- नव्या इमारतीसाठी सिडकोचं भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ‘ओसी’. ‘ओसी येतेय’ हे उत्तर नाही. ओसी नसेल तर वीज बिल्डरच्या तात्पुरत्या जोडणीवर आणि पाणी बोअर-टँकरवर चाललेलं असण्याची शक्यता मोठी.
- प्रकल्पाचा महारेरा क्रमांक. महारेराच्या संकेतस्थळावर तो टाकला की मंजुरीचे कागद आणि प्रकल्प पूर्ण झाल्याची नोंद फुकट दिसते.
- मालकाच्या नावाची सूची क्रमांक २, अर्थात ‘इंडेक्स टू’. फ्लॅट त्याच माणसाचा आहे हे त्यावरून कळतं. सातबारा जमिनीचा असतो, त्यावर तुमचा फ्लॅट सापडणार नाही.
- गावठाणातल्या चाळीसाठी किंवा घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि घरपट्टीची पावती. यावरून कर कोण भरतो एवढंच समजतं, बांधकाम अधिकृत आहे हे नाही. नेमका हाच घोटाळा करून अनेक एजंट ‘पेपर क्लिअर आहेत’ म्हणतात.

मालक परगावी किंवा परदेशी असून दुसराच कोणी व्यवहार करत असेल तर कुलमुखत्यारपत्राची प्रत घ्या आणि मालकाशी एकदा व्हिडिओ कॉलवर बोला. ‘मी लष्करात आहे, घर दाखवायला येता येत नाही, टोकन पाठवा, क्यूआर कोड स्कॅन करा’ असं सांगणारा माणूस मालक नसतो. घर आतून पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

पाण्याबद्दल चार प्रश्न

गाढी नदी या गावांच्या अंगाने वाहते, तिच्यावरचं देहरंग धरण नेऱ्याच्या वरच्या बाजूला आहे. तरीही ‘धरण जवळ आहे म्हणजे पाणी भरपूर’ हे एजंटचं वाक्य मनावर घेऊ नका. ते धरण पनवेल शहराला पाणी पुरवण्यासाठी बांधलेलं आहे आणि उन्हाळ्यात ते शहरालाही पुरत नाही. तुमच्या नळाला काय येणार हे इमारतीच्या टाकीवर ठरतं.

विचारायचं ते मालकाला नव्हे, वॉचमनला आणि खालच्या मजल्यावरच्या गृहिणीला. पाणी दिवसातून किती वेळा आणि किती मिनिटं सोडतात? मार्च ते जून टँकर लागतो का? टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेले आहेत की प्रत्येक महिन्याला वेगळी वर्गणी निघते? बोअरचं पाणी पिता येतं की जार आणावा लागतो? टँकरची वर्गणी कोणी द्यायची हे करारात लिहिलं नाही तर ती भाडेकरूच्याच माथी बसते, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

घर शक्यतो पावसात पाहा. उन्हाळ्यात रंग काढलेली भिंत सगळ्यांनाच छान दिसते. जुलैत आलात तर पश्चिमेकडच्या भिंतीची ओल, गच्चीखालच्या मजल्याची गळती आणि तळमजल्यासमोर साचणारं पाणी एका फेरीत कळतं. गाढी फुगते तेव्हा काठच्या सखल भागात पाणी शिरतं. पावसात जमलं नाही तर भिंतीवर जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत नवा रंग वेगळा दिसतो का, ते तरी निरखून बघा. नैनाच्या तिसऱ्या नगररचना परियोजनेत नेऱ्याची जमीन आहे. म्हणजे खिडकीसमोरचा शेताचा बांध उद्या रस्ता होऊ शकतो. तो होईपर्यंत समोर चिखल आहे आणि भातशेती जवळ असल्याने पावसाळ्यात सापही निघतात. तळमजला घेणाऱ्यांनी मोरीची जाळी तपासून घ्यावी.

एका खोलीत काय बघायचं

‘३५० स्क्वेअर फूट’ ऐकून हुरळून जाऊ नका. तो आकडा बिल्टअपचा असेल, सुपर बिल्टअपचा असेल, कधी नुसता अंदाजही असतो. टेप घेऊन जा. चटईक्षेत्र २५ चौरस मीटर म्हणजे सुमारे २७० चौरस फूट, आणि एका माणसाला तेवढं पुरतं. त्याशिवाय : ओट्याजवळ खिडकी किंवा एक्झॉस्टची जागा, सिलिंडर ठेवायची हवेशीर जागा, कपडे वाळत घालायला गॅलरी, वॉशिंग मशिनला नळ आणि प्लग. मोबाइलची रेंज खोलीच्या आत, दार लावून तपासा. घरून काम करणार असाल तर इमारतीत फायबर कोणाचं येतं हेही विचारून ठेवा.

मीटर वेगळा आहे का, हे महत्त्वाचं. सबमीटर असेल आणि मालक युनिटला स्वतःचा दर लावत असेल तर महावितरणच्या बिलाची प्रत मागा. वेगळा मीटर असेल तर ग्राहक क्रमांक टाकून महावितरणच्या अॅपवर थकबाकी पाहा. मागच्या भाडेकरूने बुडवलेलं बिल तुमच्या काळात जोडणी तोडायला पुरेसं असतं.

करार : नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे

सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे. स्टँप पेपरवर टाइप केलेला, वकिलाचा शिक्का मारलेला अकरा महिन्यांचा कागद म्हणजे करार झाला, असं पुष्कळ जण धरून चालतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. मुदत अकरा महिने असो की पाच महिने. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. ती टाळल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि नोंदणीच नसेल तर वाद झाल्यावर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं मानलं जातं. नोंदणीला कां-कूं करणाऱ्या मालकाला हे शेवटचं वाक्य शांतपणे ऐकवा. बहुतेकांना ते माहीत नसतं.

खर्च किती येतो? घाबरण्याजोगा नाही. मुद्रांक शुल्क असं काढतात : पूर्ण मुदतीचं भाडं, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. समजा भाडं ७,००० रुपये, डिपॉझिट ३०,००० आणि मुदत ११ महिने. भाडं झालं ७७,०००, डिपॉझिटवरचं धरलेलं व्याज २,७५०, बेरीज ७९,७५०. शुल्क साधारण २०० रुपये. नोंदणी फी ग्रामपंचायत हद्दीत ५००, महापालिका हद्दीत १,०००. बाकी जो आकडा एजंट सांगतो तो त्याची मजुरी आणि संगणकावरच्या कामाचे पैसे. हिशेब फोडून मागा.

काम असं होतं :

1. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर लिव्ह अँड लायसन्सचा मसुदा भरला जातो. तो तुम्ही स्वतः भरू शकता किंवा अधिकृत सेवा पुरवठादाराकडून भरून घेऊ शकता.
2. शुल्क आणि फी ऑनलाइन भरायची.
3. मालक, तुम्ही आणि दोन साक्षीदार यांचे आधारवर आधारित अंगठे आणि फोटो घरबसल्या घेतले जातात. निबंधक कार्यालयात जायची गरज नाही.
4. दुय्यम निबंधकाने मंजूर केल्यावर दस्त क्रमांक असलेली प्रत डाउनलोड होते. ती हातात आल्याशिवाय उरलेलं डिपॉझिट देऊ नका.

अंगठा लावण्याआधी मसुदा पूर्ण वाचा. छापील नमुन्यात भलभलत्या अटी राहून जातात. निदान एवढं तपासा : दोन्ही बाजूंना सारखीच एक महिन्याची नोटीस आहे का, लॉक-इन असेल तर किती महिन्यांचं आणि ते मालकालाही लागू आहे का, डिपॉझिट कधी परत, म्हणजे चावी देताना की ‘नंतर’, रंगकामाची कपात आगाऊ ठरवलेली आहे का, मेंटेनन्स, टँकर आणि मोठी दुरुस्ती कोणाकडे. पंखे, गीझर, ट्यूब, कपाट यांची यादी कराराला जोडा आणि पहिल्या दिवशी घराचा व्हिडिओ काढून मालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवा. नंतर ‘टाइल आधीच फुटलेली होती’ हे सिद्ध करायला याहून सोपा पुरावा नाही.

नोंदणीकृत कराराचा आणखी एक फायदा असा की आधारवरचा पत्ता बदलणं, गॅस जोडणी, पासपोर्ट या कामांना तोच चालतो. पगारात घरभाडे भत्ता असेल आणि जुनी करप्रणाली घेतली असेल तर पावत्या सांभाळा. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं तर मालकाचा पॅन लागतो.

डिपॉझिट, हेवी डिपॉझिट आणि दलाली

‘डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नाही’ हा संदेश मोबाइलवर वारंवार फिरतो. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा तयार केला, त्यात तशी तरतूद आहे. पण तो नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालतो आणि त्यात अशी मर्यादा नाही. म्हणजे डिपॉझिट हा घासाघीस करण्याचा विषय आहे, दाखवायचा कायदा नव्हे. देताना बँकेतून द्या आणि आकडा करारात असू द्या. ‘करारात कमी दाखवू, बाकीचे रोख’ याला साफ नकार द्या. रोख दिलेल्या रकमेची आठवण फक्त देणाऱ्याला राहते.

पनवेलच्या बाजूला ‘हेवी डिपॉझिट’ही चालतं : चार-पाच लाख एकदम द्यायचे, भाडं शून्य किंवा नावापुरतं, मुदत संपली की रक्कम परत. हा प्रकार बेकायदा नाही, पण माझं मत विचाराल तर एकट्या पगारदाराने यात पडू नये. फ्लॅटवर मालकाचं कर्ज असतं, हप्ते थकतात, बँक घराचा ताबा घ्यायला येते आणि तुमचे लाखो रुपये मालकाने केव्हाच दुसरीकडे घातलेले असतात. घ्यायचंच असेल तर मालकाकडून बँकेचं कर्ज-खातेपत्रक मागा, पूर्ण रक्कम करारात दाखवून नोंदवा आणि रक्कम परत मिळाल्याशिवाय चावी देणार नाही ही अट घाला.

दलाली हा रिवाज आहे, ठरलेला सरकारी दर नाही. अकरा महिन्यांच्या कराराला एक महिन्याचं भाडं, असा प्रघात आहे. नूतनीकरणाच्या वेळी एजंट पुन्हा हात पुढे करतो. त्याने काही काम केलं नसेल तर द्यायची गरज नाही, हे पहिल्याच दिवशी बोलून ठेवा.

पोलीस आणि सोसायटी

भाडेकरूची माहिती मालकाने पोलिसांना द्यायची असते. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ती ऑनलाइन भरता येते, नाहीतर पनवेल तालुका पोलीस ठाण्यात द्यावी. पोचपावतीची एक प्रत तुम्हीही ठेवा. मालक टाळाटाळ करत असेल तर मागे लागा.

सोसायटीला आगाऊ कळवून कराराची प्रत देणं हे मालकाचं काम. बिगर-भोगवटा शुल्क सोसायटी लावू शकते, पण ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच, आणि तेही मालकाला. मेंटेनन्सच्या पावतीत ते घुसडून तुमच्याकडून घेतलं जात असेल तर पावती मागून विचारा. ‘बॅचलर नको’ असं सांगणाऱ्या इमारती नेऱ्यातही आहेत. तिथे वाद घालत बसण्यापेक्षा पुढचं घर बघणं शहाणपणाचं. पदाधिकारी पहिल्या दिवशी असे असतील तर नंतरचे अकरा महिने जिन्यावर काय होईल याचा अंदाज बांधा.

घर सोडताना, आणि सोडायला लावलं तर

करार चालू असताना मालक उठून ‘आठवड्यात निघा’ म्हणू शकत नाही. करारातली नोटीस त्यालाही पाळावी लागते. कुलूप बदलणं, सामान बाहेर काढणं, पाणी बंद करणं हा घर खाली करून घेण्याचा कायदेशीर मार्ग नव्हे. त्यासाठी त्याला भाडे नियंत्रण कायद्याखालच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. असा प्रसंग आला तर ११२ वर फोन करा आणि करार हाताशी ठेवा.

याची दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर राहायचा हक्क संपतो. कलम २४ नुसार मुदतीनंतर राहिलात तर मालक दुप्पट भाड्याच्या दराने नुकसानभरपाई मागू शकतो. ‘बघू, बोललोय त्यांच्याशी’ यावर राहू नका. राहायचं असेल तर मुदत संपण्याआधी महिनाभर नवा करार सुरू करा. आणि ‘शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वळते करा’ हे तोंडी ठरवू नका, संदेशात लिहून घ्या.

निघताना मीटर रीडिंगचा फोटो, शेवटच्या बिलाची पावती, यादीप्रमाणे सामान आणि चावी, हे सगळं एकाच दिवशी, डिपॉझिटच्या बदल्यात. पैसे अडकले तर आधी लेखी मागणी, मग वकिलाची नोटीस, मग पनवेलच्या दिवाणी न्यायालयात दावा. पोलीस बहुधा ‘हा दिवाणी मामला’ म्हणून परत पाठवतात. त्याने खचून जाऊ नका, पण वेळही दवडू नका : पैशांच्या वसुलीचा दावा रक्कम देय झाल्यापासून तीन वर्षांच्या आत करावा लागतो. वकील परवडत नसेल तर पनवेल न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदारांना ही मदत उत्पन्नाची अट न लावता मोफत मिळते.